‘हार्ट फेल’ या शब्दानेच धडकी भरते

मा. संपादक,

हार्ट अटॅकबद्दल वरचेवर छापून येते. हार्ट फेल्युअरच्या वाट्याला मात्र चार ओळीही येत नाहीत. त्यात आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला, असाच अर्थ घेतात. वडिलांनी फाइलवर ते शब्द स्वतःच वाचले आणि रात्रभर पलंगावर बसून काढली. हृदयाचा पंप अशक्त झालाय, बंद पडलेला नाही, एवढे सांगायला कोणीतरी पाच मिनिटे त्यांच्याजवळ बसायला हवे होते. डॉक्टरांना वेळ नव्हता, आणि आम्ही घरचे स्वतःच गांगरलेले.

ही धास्ती म्हणजे नुसते मनाचे खेळ नव्हेत. ताण आला की अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरके वाढतात, नाडी पळते, रक्तदाब चढतो. ताण हटलाच नाही तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवू लागते. बीटा ब्लॉकरच्या गोळ्या याच संप्रेरकांचा जोर कमी करण्यासाठी असतात. म्हणजे सकाळी गोळी द्यायची आणि दिवसभर पेशंटसमोर वाटणीवरून वाद घालायचे! (आमच्याकडेही झालेत, कबूल करते.) धक्का जबर असेल तर धडधाकट हृदयही काही काळ ढेपाळते. जपानी डॉक्टरांनी १९९०च्या सुमारास या विकाराला ‘ताकोत्सुबो’ नाव दिले. ऑक्टोपस पकडायच्या मडक्याचे ते नाव, कारण फुगलेले हृदय तसे दिसते. ते बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होते. कायमच्या दुबळ्या हृदयाला तेवढी सवड नसते.

वडिलांच्या वजनाची वही मी ठेवते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, म्हणजे अंगात पाणी साठले, की डॉक्टरांना फोन. पण त्यांनी मित्रांकडे जाणे कधी सोडले, याची नोंद कुठेच नव्हती. कारण साधे होते: लघवीची गोळी. घेतली की दर अर्ध्या तासाला उठावे लागे, म्हणून बाहेर पडायचीच लाज. हे तीन महिन्यांनी कळले, तेही सहज बोलता बोलता. डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली, आणि दुसऱ्या दिवशी वडील चप्पल घालून दारात उभे!

हार्ट फेल्युअरच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला नैराश्य असते. त्यावर गोळी सुरू केली की काम झाले, असेही नाही. या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत नैराश्याच्या गोळ्या औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. झेपेल तेवढ्या व्यायामाचा मात्र थोडा फायदा दिसला. म्हणून दर तपासणीला पायाची सूज बघतात, तसेच ‘झोप लागते का, कोणाशी बोलणे होते का’ हेही विचारावे. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून कोणाचे टेन्शन गेल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

एक विनंती आपल्यालाही. निधनाच्या बातमीत ‘हार्ट फेल होऊन’ असे छापू नका, ‘हृदय बंद पडून’ लिहा. वडील सकाळी पहिल्यांदा तेच पान उघडतात.

– एक वाचक