डग्लस यांच्या घराची सहल : बसचे पैसे अजून जमलेले नाहीत

सप्रेम नमस्कार,

शनिवार, 11 एप्रिल रोजी, जोतिबांच्या जयंतीला, मंडळाची बस नेहमीप्रमाणे वॉशिंग्टनमधल्या अ‍ॅनाकोस्टियाला, गुलामगिरीतून निसटून गुलाममुक्तीसाठी लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या ‘सीडर हिल’ या टेकडीवरच्या घरी जाणार आहे. बसची आगाऊ रक्कम कार्यकारिणीने पदरची भरली. उरलेली भरायची मुदत डोक्यावर आली आहे, म्हणून हे पत्र घाईत.

‘जयंतीला तिकडे कशाला?’ असे अजूनही विचारले जाते. 1873 साली ‘गुलामगिरी’ छापताना जोतिबांनी ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. त्या लढ्यातला सर्वांत बुलंद आवाज ज्या घरात राहिला, ते घर आपल्या दारात आहे. जयंतीला हारतुरे घालण्यापेक्षा तिथे जाणे आम्हाला जास्त शोभते.

आणि हे घर टिकले तेही वर्गणीवरच. डग्लस यांनी ते 1877 मध्ये 6,700 डॉलरला घेतले. ज्या बिल्डरने वस्ती वसवताना काळ्या माणसाला घर विकायचे नाही अशी अट घातली होती, त्याच्याच राहत्या घरात एके काळचा गुलाम मालक म्हणून शिरला! पुढे 14 खोल्यांच्या 21 केल्या. 20 फेब्रुवारी 1895 रोजी स्त्रियांच्या हक्कांच्या सभेहून घरी परतल्यावर दिवाणखान्याबाहेरच्या सोप्यातच त्यांनी प्राण सोडला. घर पत्नी हेलन यांच्या नावे केलेले होते, पण मृत्युपत्रावर साक्षीदार कमी पडले आणि घराचा भाग रद्द झाला. हेलनबाईंनी कर्ज काढून इतर वारसांचे हिस्से विकत घेतले, ते फेडायला गावोगाव व्याख्याने दिली आणि 1900 मध्ये अमेरिकेच्या संसदेकडून (काँग्रेसकडून) स्मारक संस्थेची सनद मिळवली. 1903 मध्ये त्या गेल्या तेव्हाही गहाणखत फिटलेले नव्हते. 1916 मध्ये कृष्णवर्णीय महिला मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने, मेरी टॅलबर्ट अध्यक्ष असताना, हे काम अंगावर घेतले. देशभरच्या महिला मंडळांनी वर्गणी जमवली, सर्वांत मोठी वैयक्तिक देणगी कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांची होती, आणि 1918 मध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात गहाणखत जाळण्यात आले. 1962 मध्ये घर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे राष्ट्रीय उद्याने आणि स्मारके सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे गेले. आपल्याला तर फक्त एका बसचे पैसे जमवायचे आहेत.

ही सहल उभी राहिली ती काही मोजक्या माणसांमुळे. बाल्टिमोरच्या डॉक्टर काकांनी पहिल्या वर्षीची बस एकट्याने दिली आणि नाव छापू दिले नाही. सिल्व्हर स्प्रिंगच्या काकू दरवर्षी सगळ्यांपुरते मेथीचे ठेपले आणि ताकाच्या बाटल्या पाठवतात, स्वतः गुडघ्यांमुळे येत नाहीत. मराठी शाळेच्या ताईंनी मुलांसाठी चार पानी माहितीपत्रक लिहिले, छपाईचा खर्चही मागितला नाही. या तिघांचे ऋण मंडळ विसरलेले नाही, आणि म्हणूनच दरवर्षी त्यांच्याच दारात जायला आता संकोच वाटतो. गेल्या वर्षी नावे भरघोस आली, माणसे आली नाहीत. बस अर्धी रिकामी गेली. गणपतीच्या जेवणाला रांग लावणारे आपलेच सभासद या पत्राला साधे ‘जमणार नाही’ एवढेही कळवत नाहीत, हे लिहिताना वाईट वाटते.

आता व्यवहाराचे. घराला प्रवेशशुल्क नाही, मात्र आतून घर फक्त रेंजरबरोबर, म्हणजे या खात्याच्या मार्गदर्शकाबरोबर पाहता येते. आरक्षणाचा एक डॉलर लागतो आणि तो परत मिळत नाही. एका फेरीत मोजकीच माणसे घेतात, म्हणून आपले दोन गट होतील : एक वर जाईल तोवर दुसरा खाली माहिती केंद्रात डग्लस यांच्यावरचा लघुपट आणि प्रदर्शन पाहील, मग अदलाबदल. फेरी साधारण अर्ध्या तासाची. खालून वर 85 पायऱ्या आहेत; ज्येष्ठांना थांबत थांबत चढायला वेळ लागतो आणि रेंजर कोणासाठी थांबत नाही, म्हणून आपल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी पायथ्याशी हजर. पायऱ्या जमणार नसतील तर नाव देतानाच सांगा, पार्कला आधी कळवावे लागते. स्वच्छतागृह खालीच. मोठ्या पिशव्या, खाणे, पाणी बसमध्ये ठेवा. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी पार्किंगची जागा लहान आहे हे ध्यानात घ्यावे. मेट्रोची ग्रीन लाइन, स्टेशन अ‍ॅनाकोस्टिया.

वर गेल्यावर अभ्यासिकेतच रेंगाळू नका. निजण्याच्या खोलीतले व्यायामाचे डंबेल मुलांना नक्की दाखवा, आणि मागच्या अंगणातली ‘ग्राउलरी’ चुकवू नका. एकच दगडी खोली, खिडकी नाही. माणसांचा कंटाळा आला की डग्लस तिथे जाऊन लिहीत. (आजची खोली 1981 मध्ये पुन्हा बांधलेली आहे.) ओसरीसमोरून कॅपिटॉलचा (संसदभवनाचा) घुमट दिसतो, गटाचा फोटो तिथे.

बसचे माणशी 35 डॉलर. शाळेतल्या मुलांना मोफत न्यायचे ठरले आहे, तेव्हा देणगी हवी ती मुख्यतः मुलांच्या जागांसाठी : एका मुलाचे 35, दोघांचे 70, जसे जमेल तसे. पैसे ‘झेल’ने (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) खजिनदारांकडे, सोबत ‘डग्लस’ असा शेरा. शिवाय गट सांभाळायला चार स्वयंसेवक हवेत, त्यातला एक तरी गाडी घेऊन मागून येणारा. मार्चअखेर पैसे न आल्यास मोठ्या बसऐवजी लहान बस घ्यावी लागेल आणि मग ज्यांचे पैसे आधी आले त्यांनाच जागा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. : बाबागाडी घरात नेता येत नाही. तान्ही मुले असलेल्यांनी कडेवर घ्यायच्या तयारीने यावे.