टेल्कोच्या काकांना, चार चाकांबद्दल

ती. स्व. काका यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही निगडीला पोचल्यावर मी आभाराचा निरोप धाडला, तर 'त्यात काय एवढं' एवढंच उत्तर आलं आणि शेजारी जोडलेल्या हातांचं चित्र. तुमच्यापुरता विषय मिटला. माझ्यापुरता मिटलेला नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. इथे जुनी पिकअप जिवापाड सांभाळणारे बरेच जण आहेत. त्यांनाही तुमच्या पद्धतीचा उपयोग व्हावा.

पहिले आभार 'विकून टाक गं' असं न म्हणाल्याबद्दल. बाकी सगळ्यांनी म्हणून झालं होतं. माझी पिकअप टोयोटा टॅकोमा, २००८ची, फोर व्हील ड्राइव्ह. वसंतात ती बागेची माती नि खत वाहते आणि भाद्रपदात आमच्या पथकाचे ढोल, ताशे, गणपतीचं मखर. इंजिन ठणठणीत. रडत होती ती चाकं. थंडी पडली की एकेका टायरातली हवा बसायची. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने कमी होतोच, त्यामुळे टायरवाला दरवेळी हवामानाला दोष देऊन हवा भरून द्यायचा. तुम्ही लेकीकडे सुट्टीला आलेले, कॉफीचा मग हातात घेऊन कुंपणाशी उभे होतात. काही न बोलता तुम्ही साबणाचं पाणी मागितलंत. ते रिमच्या कडेने ओतलं आणि टायरची बीड, म्हणजे आतली कडा, जिथे बसते तिथून बारीक बुडबुड्यांची रांग उठली.

दोष मिठाचा. इकडे अमेरिकेत, क्लीव्हलँडमध्ये, एरी सरोवराच्या तळाखाली, सुमारे १८०० फूट खोल, मिठाची खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते अॅल्युमिनियमला खातं. टायर उतरवल्यावर आतली पांढरी पूड नि खड्डे तुम्ही बोट फिरवून मला दाखवलेत. घासून, सीलर लावून झालं होतंच. "आता डिस्कच बदलायच्या," असं म्हणालात (डिस्क म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक), पण 'कुठल्या घ्यायच्या' या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्ही लगेच दिलं नाहीत.

मला तर तेव्हा काळ्या रंगाच्या, दांडग्या दिसणाऱ्या डिस्क हव्या होत्या, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आधी हब, म्हणजे डिस्क जिथे बोल्टांनी बसते तो भाग, मोजायला बसलात. १९८८ साली टाटामोबाइल ही पिकअप बाजारात आली तेव्हा टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीच्या कारखान्यात असलेला माणूस गाडीकडे हबपासूनच बघणार. सहा बोल्ट असले की मोजणं सोपं, हे तुम्हीच दाखवलंत: समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर म्हणजे पीसीडी, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास. मध्य नेमका सापडत नसेल तर एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं, आकडा तोच येतो. आमचा आला १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. पाच बोल्टवाल्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे समोर भोकच नसतं. शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून ०.५८८ने भागायचं. हे तुम्ही माझ्या मुलाला पिकअपच्या मागच्या फळीवर खडूने काढून दाखवलंत. शाळेतली त्रिकोणमिती कशाला शिकायची, हा प्रश्न त्याने त्यानंतर विचारलेला नाही.

मग आपण भंगार यार्डात गेलो. इथल्या यार्डात गाड्या रांगेने उभ्या असतात, हवा तो भाग आपला आपण खोलून घ्यायचा. तुम्हाला जुन्या बाजाराची आठवण आली असावी, कारण चेहरा एकदम खुलला. विकणारे 'सहा बोल्टच्या बहुतेक ट्रकना बसतं' असं बिनदिक्कत सांगतात. एकाने फोर्ड एफ-१५०च्या डिस्क पुढे केल्या. २००४पासून त्या गाडीचा पीसीडी १३५ आहे. फरक पावणेपाच मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही. बोल्टवर जरा अडकतं, मग माणूस नट आवळून 'बसवतो' आणि स्टड, म्हणजे हबवरचा बोल्ट, तिरका ओढला जातो. निसान फ्रंटियरच्या नव्या पिढीलाही सहाच बोल्ट, पण पीसीडी ११४.३, ती तर बोल्टपर्यंत पोचतच नाही.

शेव्ही सिल्व्हराडो १५००ने मला पक्कं फसवलं असतं. सहा बोल्ट, पीसीडी नेमका १३९.७, डिस्क चकचकीत आणि स्वस्त. तुम्ही व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकपट्टी, मधल्या भोकात घातलात: ७८ मिलिमीटर. टॅकोमाच्या चाकाचं मधलं भोक १०६चं, कारण हबच तेवढा जाड आहे. डिस्क हबवर चढणारच नव्हती. "लेथवर लावून मोठं करून घेऊ?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की तो प्रश्न मी पुन्हा कुणाला विचारणार नाही. उलट बाजूची अडचण मात्र बऱ्याच जणांना येते. भोक हबपेक्षा मोठं असलं तर डिस्क चढते खरी, पण केंद्रावर बसत नाही, नुसत्या नटांच्या आधाराने राहते आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. त्यासाठी मापाची रिंग मिळते, ती घालायची. तुम्ही हे सांगितलंत आणि लगेच पुढे म्हणालात, "पण रिंग लागणारच नाही अशी डिस्क मिळत असेल तर रिंग कशाला?"

काळ्या दांडग्या डिस्कांचा नाद तुम्ही न रागावता सोडवलात. लाकडाची सरळ पट्टी डिस्कच्या पाठीवर आडवी ठेवून, तिच्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर घेतलंत. त्यातून एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा केला की ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू डिस्कच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते. माझ्या मूळच्या डिस्कचा ऑफसेट +३०, मला आवडलेल्यांचा शून्य. म्हणजे प्रत्येक चाक ३० मिलिमीटर बाहेर. दाराला चिखल, वळताना मडगार्डला घासण, आणि बेअरिंगवर जो तरफेचा भार वाढतो तो वेगळाच. "ढोल हलके असतात," मी म्हटलं. "ओली माती?" तुम्ही विचारलंत. त्यानंतर तुम्ही ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचायला लावलंत: मागच्या अॅक्सलची कमाल मर्यादा, तिचं निम्मं एका चाकाच्या वाट्याला, आणि डिस्कच्या पाठीवर कोरलेली भारक्षमता त्याहून कमी असेल तर ती डिस्क तिथेच ठेवायची. शोभेच्या बऱ्याच डिस्क याच चाळणीत गळाल्या. स्पेसर, म्हणजे हब आणि डिस्क यांच्यामध्ये घालायची चकती, लावायची सूचना कुणीतरी केली, तिच्यावर तुम्ही बोललादेखील नाहीत.

शेवटी मिळाला तो संच टोयोटाच्याच घरातला निघाला. एफजे क्रूझरच्या १७ इंची अलॉय, साडेसात इंच रुंद, ऑफसेट +३०, पीसीडी आणि मधलं भोक तंतोतंत. १७ इंच म्हटल्यावर मला स्पीडोमीटर चुकण्याची धास्ती होती. तुम्ही पाकिटाच्या मागे हिशोब मांडलात: जुना टायर २६५/७० आर १६, व्यास ७७७ मिलिमीटर, नवा २६५/६५ आर १७, व्यास ७७६. एफजेचा स्वतःचा २६५/७० आर १७ घेतला असता तर व्यास ८०३ झाला असता. एका मिलिमीटरच्या फरकामुळे खाली लटकलेली जुनी १६ इंची स्टेपनीही कामाची राहिली. फोर व्हील ड्राइव्हला चारही चाकं सारख्या व्यासाची लागतात, हे स्टेपनीपुरतं कुणी लक्षात घेत नाही.

पण विकत घेण्याआधी तुम्ही जी तपासणी केलीत तिच्याबद्दल जास्त लिहायला हवं. डिस्क धुऊन आतल्या बाजूला केरोसीन फासलंत, थोडा वेळ थांबून कोरडी पुसलीत आणि वर खडूची पूड भुरभुरलीत. तडा असेल तर त्यात मुरलेलं केरोसीन बाहेर येऊन पुडीवर ओली रेघ उमटते. पाचव्या डिस्कवर, आरीच्या मुळाशी, ती उमटली. विकणारा वाकून बघत राहिला. त्याने ती डिस्क बाजूला ठेवली आणि नंतर खडूचा तुकडा आपल्या खिशात टाकला, हे तुम्हाला दिसलं का माहीत नाही. उरलेल्या चार घरी आणून हबवर चढवल्यात आणि विटेवर पेन्सिल टेकवून चाक फिरवलंत. टोक आणि कडा यांतली फट कुठे कमी-जास्त होते ते बघायचं. झाली नाही.

नटांच्या वेळीही घाई केली नाहीत. टोयोटाच्या अलॉयला वॉशरचे सपाट बैठकीचे नट, लोखंडी डिस्कला शंकूसारखे निमुळते. भलत्याला भलते लावले की नट आवळला जातो पण डिस्क धरली जात नाही. आमचे जुनेच चालले. नट किती जोराने आवळायचे त्याच्या ८३ फूट-पाउंड या आकड्याने तुमचं समाधान होईना, म्हणून तुम्ही तो ११३ न्यूटन-मीटर करून घेतलात आणि मगच टॉर्क रेंच हातात धरलात. समोरासमोरच्या जोड्यांनी आवळणं, हबच्या तोंडावर अँटी-सीझचा, म्हणजे डिस्क चिकटून बसू न देणाऱ्या लेपाचा, पातळ हात पण स्टडला थेंबही नाही, पन्नासेक मैलांनी पुन्हा तपासणं. सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. टायरमधल्या दाबाचे सेन्सर मात्र नवे घेतले. जुन्यांच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या.

हिवाळा जवळजवळ सरला. हवेचा दिवा एकदाही लागलेला नाही. जुन्या डिस्क अॅल्युमिनियमच्या भावाने गेल्या आणि त्या पैशांत मी एक व्हर्नियर घेतला. पथकातल्या दोघांनी तो मागून नेला, त्यातल्या एकाने तर बेत केलेल्या डिस्क घेतल्याच नाहीत.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा एक कोपरा खाली बसलाय असं मला वाटतं. मोजायचा कुठून ते फोनवर सांगाल का? काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
शेजारीण