तांबूच्या गोठ्यात आठ तलंगा

पुणे,
दिवाळीनंतरचा रविवार

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

फोनवर सांगायला गेले की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई रेंज गेल्याचं सोंग करते. म्हणून लिहितेय.

आधी तांबूचं. मी तिला विकलं नाही, मामाकडे दिली. वसुबारस मुद्दाम होऊ दिली आणि मगच टेम्पो पाठवला. आई, तू त्या दिवशी मागीलदारातून बाहेर आलीच नाहीस असं मामा म्हणाला. बाबा, भाऱ्यासकट बांधावरून घसरलात ते तुम्ही आम्हाला तीन दिवस सांगितलं नाहीत, तेही शेजारच्या काकूंकडून कळलं. नुसता मुका मार होता, मान्य. पण वैरणीच्या धुरळ्यात तुमची धाप किती वाढते ते मी गणपतीत चार रात्री ऐकलंय. पेंडीचा भाव, दूध किती निघत होतं, सगळं मांडून ठेवलं होतं मी. आता सांगत नाही. आईचं समाधान हिशोबाने होत नाही.

पण रिकाम्या गोठ्याकडे बघत तुम्ही दोघं पडवीत बसणार, हे मला इथे दिसत राहतं. म्हणून येत्या गुरुवारी आठ तलंगा येतायत, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता.

जात ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधनवाल्यांनी परसातल्या पाळणुकीसाठीच काढलेली. आपली गावठी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, ही दोनशेच्या आसपास. म्हणजे आठ मिळून दिवसाला चारेक. अंडं तपकिरी असतं, गिऱ्हाइकाला गावठीच वाटतं. एकच उणीव, ही सहसा खुडूक होऊन अंडी उबवायला बसत नाही. आजीची ती काळी आठवते? अकरा अंड्यांवर बसली होती आणि मी रोज भिंतीवर कोळशाने रेघ मारायचे. एकविसाव्या रेघेला शाळेत गेलेच नाही, डालग्याशेजारीच पोटावर पडून होते. बाबा, तुम्ही छडी घेऊन आलात आणि अंड्यातून टकटक ऐकून स्वतःच खाली बसलात.

कोंबडा पाठवत नाहीये. अंड्यासाठी तो लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. शिवाय पहाटे तो तुम्हाला उठवेल.

गोठ्याचा अर्धा भाग जाळीने तोडून घेतेय. सुतार बुधवारी येईल, त्याला चहा द्या, सल्ला देऊ नका. जाळी अर्ध्या इंची वेल्डमेशच हवी. ती षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. मुंगूस तर बारक्या फटीतून शिरतं आणि एका रात्रीत सगळ्यांच्या माना मोडून जातं. तेव्हा जांभ्याच्या चिऱ्यांमधल्या फटी सिमेंटने भरून घ्या. जमिनीवर तीन-चार इंच भाताचं तूस. बसायला आडवे बांबू. अंड्यांच्या दोन पेट्या भिंतीबाहेरून उघडतील अशा, आईच्या कमरेच्या उंचीवर. आई, तुला वाकायचं नाही आणि आत जायचं नाही. पायरीला कठडा सांगितलाय. दिव्याचं बटण पडवीत.

तूस ओलं झालं की रक्ती हगवण आलीच. पावसाळ्यात कौलं गळतात ती बाजू मी ओळखते, तिथे पत्रा टाकून घेतेय. तूस खालीवर करायचं काम वाडीतला मुलगा दर रविवारी करेल, पैसे मी देईन. बाबा, ते काम तुमचं नाही. विष्ठेचा सुका धुरळा तुमच्या छातीला वैरणीपेक्षा वाईट. तुम्ही दाणे टाकायचे, मोजायच्या आणि कालनिर्णयावर अंडी मांडायची. आठाच्या सात भरल्या तर मला लगेच फोन.

खाणं. बंद ठेवलेल्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम लागतं. आपल्या परसात हिंडतील, किडे-गवत खातील, म्हणून निम्मं पुरे, आणि तेही संध्याकाळी, म्हणजे आपण होऊन घरी येतात. पहिलं अंडं दिसेपर्यंत ग्रोअर म्हणजे वाढीचं खाद्य, मग लेअरचं, अंड्यावरच्या कोंबडीचं. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड "जाऊ दे, कोंबडीच खाईल" म्हणून टाकू नका, त्याने यकृत जातं. तिसऱ्यांच्या शिंपा मात्र टाकून देऊ नका. उन्हात वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. कवचाला चुना लागतो, ज्या कोंबडीला हवा ती खाईल. अंड्याची टरफलंही चालतील, पण भाजून अगदी बारीक करून. ओळखू आली तर आपलीच अंडी फोडून खायला शिकतात.

मानमोडीची लस त्यांना लहानपणी टोचून झालेली आहे. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी त्याच रोगाची लासोटा लस पाण्यातून द्यायची. बाटली शंभर किंवा जास्त कोंबड्यांची असते आणि फोडल्यावर लगेच संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी ठरवा. बाबा, सभा घ्यायची तुमची जुनी हौस भागेल. त्या दिवशी विहिरीत पंचायतीचं टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, पडलेलं नको, नाहीतर लस मरते आणि आपण पाणी पाजल्याचं समाधान घेऊन बसतो. लस बर्फात आणायची, आधी दोन तास कोंबड्यांना तहान लागू द्यायची.

२००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आई, तू दोन महिने घरात अंडं येऊ दिलं नव्हतंस. तेव्हा हसलो, पण एक खरं: एकदम दोन-तीन मेल्या तर हात लावायचा नाही, पऱ्यात, ओढ्यात टाकायच्या नाहीत, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन. एरवी साबणाने हात धुतले की पुरे. अंडी धुवायची नाहीत, कोरड्या फडक्याने पुसायची. आणि श्रावणात आपण खात नसलो तरी कोंबड्यांना श्रावण कळत नाही. तेव्हा जमतील ती काकूंकडे द्या.

एक राहिलं. अंडी द्यायला कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांचा. म्हणून टायमरचा बल्ब बसवतेय. पहिलं अंडं आलं की वाडीतला मुलगा तो चालू करेल, आधी नाही. पहाटे चारला लागेल, सातला बंद होईल. चार ही तांबूच्या वैरणीची वेळ, मला माहीत आहे. बाबा, बल्ब आपला आपण लागतो. तुम्ही उठायचं नाही. जाग आलीच तर पडून राहा, आईला उठवू नका.

इनहेलर खिशात ठेवा, पडवीतल्या कोनाड्यात नको. थर्मासचं झाकण मी आणतेय, तोवर ते फडकं बांधून भागवा. गुरुवारी सुट्टी मिळाली नाही, पण शनिवारी पहाटेच्या गाडीने येते. आई, आंबोळ्या कर. भांडायचं असेल तर खाऊन झाल्यावर.

तुमची,
छोटी

ता. क. मामा म्हणाला, तांबूने पहिले दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही, काल सगळी संपवली. हे बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा.