रेड-फूट कासवाचं घर उभं करून देणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि कासवाने आज काय खाल्लं ते विचारता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आमच्या रेड-फूट कासवाला जे घर मिळालं ते तुमच्यामुळे, हे सगळ्यांना कळायला हवं.

आधीच्या पालकाला सांभाळणं जमेना म्हणून ते आमच्याकडे यायचं ठरलं, तेव्हा तुम्ही सर्वांत आधी कागदपत्रं तपासायला लावलीत. जमिनीवरच्या कासवांचं अख्खं कुळ साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आहे, त्यामुळे हे टाळून चालणारच नव्हतं. त्यानंतर तुमची अट एकच: आधी घर, मग कासव. रिकाम्या पेटीत हीटर आणि दिवे चालू ठेवायचे, तापमान आणि ओलाव्याचे दिवसरात्रीचे आकडे स्थिर झाले की मगच त्याला आणायचं. प्राणी घरी आणायची घाई झालेल्या माणसाला इतक्या प्रेमाने थोपवून धरणारं कुणीतरी भेटावं लागतं.

दक्षिण अमेरिकेतलं कासव म्हटलं की डोळ्यांसमोर रणरणतं ऊन येतं. तुम्ही आम्हाला सावली दाखवलीत. हा जीव जंगलाच्या कडेला, ओल्या पालापाचोळ्यात दडून राहणारा. त्याला दिव्याखाली एक उबदार जागा पुरते; बाकी पेटीत आडोसा, झाडांची पानं आणि मंद उजेड हवा. आर्द्रता 70 ते 80 टक्के, दिवसा हवा 27 ते 30 अंश सेल्सियस, दिव्याखाली थोडी जास्त आणि रात्रीही 21 च्या खाली नाही. हे आकडे कुठेही वाचायला मिळतात. ते एकमेकांना कसे बांधलेले आहेत, हे मात्र तुम्ही समजावलंत. ओलावा वाढवायचा तर ऊब टिकलीच पाहिजे, कारण दमट हवा गार पडली की कासवाच्या नाकाशी बुडबुडे येतात, श्वास घरघरतो आणि प्रकरण न्यूमोनियापर्यंत जातं. म्हणून उघड्या टेबलासारख्या मांडणीऐवजी झाकणाची पेटी, रात्री उजेड न देता ऊब देणारा सिरॅमिक हीटर आणि त्याच्यावर थर्मोस्टॅट. तापमान आणि ओलावा मोजणाऱ्या मीटरची वायर कुठे सोडायची तेही तुम्ही बोट ठेवून दाखवलंत: कासवाच्या पाठीच्या उंचीवर, एक उबदार टोकाला आणि दुसरी सगळ्यांत गार कोपऱ्यात.

कोरड्या हवेत वाढणाऱ्या पिल्लांच्या कवचावर टेंगळं येतात, त्याचा दोष पूर्वी मुख्यतः जास्त प्रथिनांना दिला जायचा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या सल्काटा या आफ्रिकेतल्या कासवाच्या पिल्लांवरच्या प्रयोगात हवेतल्या ओलाव्याचा परिणाम त्याहून मोठा दिसला, हे तुमच्याकडूनच कळलं.

सगळ्यांत लक्षात राहिली ती तुमची मूठ. पेटीत अंथरायचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पालापाचोळ्याचं मिश्रण तुम्ही हातात घेऊन दाबलंत. गोळा झाला, पाणी मात्र ठिबकलं नाही. ‘एवढंच ओलं,’ म्हणालात. मग पाणी वरून न शिंपडता कोपऱ्यांतून खाली सोडायला शिकवलंत, म्हणजे तळ ओला राहतो आणि वरचा थर जवळजवळ कोरडा. पोटाकडचं कवच सतत चिखलात राहिलं तर ते कुजायला लागतं, हे कारणही लगेच सांगितलंत. कारण कळलं की काम हातात बसतं, ताई. आता घरातलं कुणीही न विचारता मूठ दाबून बघतं.

यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब काचेच्या आडून उपयोगाची नाही. ती डोळ्यांना लख्ख दिसली तरी तिच्यातली यूव्हीबी हळूहळू उतरते, आणि ड जीवनसत्त्व नीट तयार झालं नाही तर खाण्यातलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. म्हणून ट्यूब बदलायची तारीख पेटीवरच लिहून ठेवली आहे. पारदर्शक बाजूंना बाहेरून कागद लावला, कारण कासवाला काच कळत नाही, ते तिच्यावर चालतच राहतं. सोबतीला दुसरं कासव आणायचा आमचा विचार तुम्ही ठामपणे मोडून काढलात, तेही बरं झालं. दोघांत एक दुसऱ्याला दाबून ठेवतं आणि आपल्याला ती मैत्री वाटते.

आता तुमच्या पाहुण्याची खबर. सकाळी पाणी फवारलं की ते आडोशातून मान बाहेर काढतं, पसरट भांड्यात उतरून हनुवटी बुडवून पाणी पितं आणि बहुतेकदा तिथेच घाण करून निघून जातं. मग भांडं धुवायचं, भरायचं, हात साबणाने धुवायचे. मशरूम दिसलं की चाल बदलते. कवचाच्या तुकड्यांच्या कडेला नवी फिकट रेघ आली आहे, बोट फिरवलं तर सपाट लागते. तुम्ही हेच बघायला सांगितलं होतं ना!

पुढे ते 30-35 सेंटीमीटरचं होईल, तेव्हा पेटी जाऊन खोलीचा एक भाग त्याला द्यावा लागेल. त्याचा कच्चा आराखडा काढला आहे. हीटर कुठे टांगायचा यावर घरात दोन मतं आहेत. आराखडा पाठवतो आहे, सवडीने बघून सांगा.

तुमचा ऋणी,
रेड-फूटच्या घरातला एकजण