इन्क्युबेटर सगळ्यांसाठी आहे, मग फॉर्म का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठांच्या इन्क्युबेटरमधून (म्हणजे नव्या धंद्यांना जागा, सल्ला, पैसे देऊन उभं करणाऱ्या केंद्रांतून) सामाजिक उद्योजक कसे तयार होतायत यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, तो फोनकडून वाचून घेतला. मला दिसतं फार कमी, त्यामुळे स्क्रीन रीडरवरच, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच, सगळं चालतं. (तुमच्या अ‍ॅपमधलं 'पाठवा' बटन तो वाचत नाही, म्हणून हे पत्र ईमेलने पाठवतेय, तेवढं बघा जरा.) लेख चांगलाय, मेहनतीने लिहिलाय, पण त्यात डेमो डेच आहे सगळा, म्हणजे निवडलेले लोक पाहुण्यांसमोर आपला धंदा मांडतात तो दिवस. कोणाला बक्षीस मिळालं, कोणाला फंडिंग मिळालं, कोण पाहुणे आले होते. आत कोण पोचलं आणि कोण दारातच अडकलं हे मात्र कुठेच नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

मी मागे अशाच एका ठिकाणी अर्ज करायला बसले होते, नाव मुद्दाम लिहीत नाही. फॉर्म ऑनलाइन. प्रत्येक रकान्यावर गेलं की स्क्रीन रीडर नुसतं 'एडिट बॉक्स, एडिट बॉक्स' एवढंच म्हणतो, कारण रकान्याला आतून नावच दिलेलं नाही, बघणाऱ्याला वर 'टीमची माहिती' लिहिलेलं दिसतं, मला तिथे काय भरायचं ते देवालाच माहीत. माहितीपत्रक पीडीएफमध्ये, ती पण कागद स्कॅन करून टाकलेली, म्हणजे माझ्या फोनच्या हिशोबाने कोरं पान. अंदाजाने भरत भरत पुढे गेले तर सेशन संपलं आणि भरलेलं सगळं उडालं. परत पहिल्यापासून भरलं, आणि शेवटी कॅप्चा, ट्रॅफिक लाइट असलेली चित्रं ओळखा म्हणे, आवाजाचा पर्याय नाही. आणि ही निवड कशासाठी होती तर दिव्यांगांना उपयोगी पडतील अशा स्टार्टअपसाठी!

हे टाळायला काही फार मोठं करावं लागत नाही हो. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठी डब्ल्यूथ्रीसीची (वेबचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची) मार्गदर्शक तत्त्वं 1999 पासून आहेत, 2008 च्या आवृत्तीत तर रकान्यांना नावं द्या, वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवून घ्यायची सोय ठेवा, हे सरळ लिहिलंय. फॉर्म उघडायच्या आधी कोणीतरी एकदा माउस बाजूला ठेवून, स्क्रीन बंद करून तो भरून बघितला असता तरी कळलं असतं.

यावर नेहमीचं उत्तर मिळतं की असे अर्जदारच फारसे येत नाहीत. येतील कसे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात 1.3 अब्ज लोक लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतात, म्हणजे साधारण सहा माणसांत एक. एवढ्या लोकांत धंद्याची आयडिया कोणालाच सुचत नाही असं म्हणायचंय का? उलट रोजची अडचण ज्याच्या अंगावर येते त्याला उपाय आधी सुचतो, फक्त त्याला कोणी पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड, म्हणत नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण तुमच्या लेखात हे सगळं काल-परवा सुरू झाल्यासारखं लिहिलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये 1962 साली एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा शिकायला आला. लहानपणीच्या पोलिओने मानेखालचं जवळपास सगळं शरीर लुळं, श्वासासाठी रात्री आयर्न लंग नावाच्या श्वास देणाऱ्या मोठ्या यंत्रात झोपायचं. हे यंत्र एवढं अवजड की ते होस्टेलमध्ये ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याची सोय कॅम्पसमधल्या कॉवेल हॉस्पिटलमध्ये केली. राज्याच्या पुनर्वसन खात्याने आधी त्याला मदत नाकारली होती, कारण काय तर हा इतका अपंग आहे की कधी नोकरी करू शकणार नाही. हळूहळू तिथे असेच अजून विद्यार्थी आले, त्यांनी स्वतःला 'रोलिंग क्वाड्स' म्हणायला सुरुवात केली, आणि 1970 मध्ये विद्यापीठातच त्यांचा स्वतःचा विद्यार्थी कार्यक्रम उभा राहिला.

त्यात होतं काय? व्हीलचेअर दुरुस्ती, मदतनीस शोधून देणं, राहता येईल अशी घरं शोधणं. एवढंच, पण कुठल्या तज्ज्ञांच्या कमिटीच्या डोक्यातून आलेलं नाही ते. चेअर बंद पडली की लेक्चर बुडतं, मदतनीस आला नाही की माणूस बिछान्यातून उठत नाही, हे ज्यांना माहीत होतं त्यांनीच कामाची यादी केली. मग विद्यार्थी नसलेले लोकही मदत मागायला लागले आणि 1972 मध्ये त्यातून सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग ही वेगळी संस्था निघाली, तिच्या धर्तीवर पुढे जगभर केंद्रं झाली. आणि ज्या खात्याने रॉबर्ट्सला निकामी ठरवलं होतं त्याच खात्याचा तो पुढे 1975 मध्ये प्रमुख झाला. आजच्या एखाद्या ज्युरीसमोर ही आयडिया नेली असती तर पहिला प्रश्न आला असता, स्केल कसं करणार, म्हणजे धंदा झपाट्याने मोठा कसा करणार?

ज्युरीचं बोलायचं तर तिथे बसतं कोण? बहुतेक फंडवाले, नाहीतर आधी यशस्वी झालेले उद्योजक, म्हणजे पाच मिनिटांत धडाधड बोलणारा माणूस ज्यांना आवडतो ते. आता जो बोलताना अडखळतो त्याची पाच मिनिटं टीममधल्या तिघांची नावं सांगण्यातच जातात, आणि जो खुणांच्या भाषेतून बोलतो त्याचं बोलणं दुभाष्यामार्फत ज्युरीपर्यंत पोचायला आणि प्रश्न परत त्याच्याकडे यायला वेळ लागतो, तो वेळ त्याच्याच खात्यातून कापतात. दहा मिनिटं द्या की, नाहीतर लेखी प्रश्नोत्तरं ठेवा. धंदा चालेल की नाही याचा आणि बोलण्याच्या स्पीडचा काय संबंध?

पैशाचं गणित तर अजून विचित्र. इन्क्युबेटरचं यश मोजतात ते बाहेरून किती गुंतवणूक आली त्यावरून, म्हणून इक्विटी, म्हणजे मालकीतला हिस्सा, देता येईल अशीच कंपनी त्यांना हवी असते. चार जणी मिळून सहकारी संस्था काढणार असतील तर त्यात विकून बाहेर पडणं हा प्रकारच नसतो, मग त्यांना सांगतात तुमचं मॉडेल बसत नाही. मुहम्मद युनूस बांगलादेशातल्या चित्तगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होते तेव्हा 1976 मध्ये कॅम्पसशेजारच्या जोब्रा गावातल्या 42 लोकांना त्यांनी सगळे मिळून 27 डॉलरच्या आसपास कर्ज दिलं, तिथून 1983 मध्ये ग्रामीण बँक झाली. त्या बँकेत मोठा वाटा कर्जदारांच्याच मालकीचा ठेवला होता. मायक्रोफायनान्सवर, म्हणजे गरिबांना अशी छोटी कर्जं देण्यावर, टीका करण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी पण करते, पण मालकी कोणाकडे राहणार हा प्रश्न तिथे निदान विचारला गेला.

अजून एक गोष्ट जी ग्रँट देणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या अपंग आणि वृद्ध लोकांना एसएसआय नावाची सरकारी मदत मिळते, त्यात एकट्या माणसाच्या नावावर 2000 डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असेल तर मदत थांबू शकते (घर, गाडी असलं काही सोडून), आणि ही मर्यादा 1989 पासून तीच आहे. अशा माणसाच्या वैयक्तिक खात्यात तुम्ही हौसेने बक्षिसाची रक्कम टाकलीत तर महिन्याच्या खर्चाचा आधार जायची भीती त्याला. म्हणून पैसे कोणाच्या नावावर, एकदम की टप्प्याटप्प्याने, हे चेक लिहायच्या आधी त्या माणसाला विचारायचं असतं. नोकरी सांभाळून येणाऱ्यांचं, लहान मूल असलेल्या बाईचं पण तसंच, तीन महिने फुलटाइम या म्हटलं की त्या यादीतून आपोआप गळतात, कोणी नाही म्हणायची गरजच पडत नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी तुमचा बातमीदार डेमो डेला जाईल तेव्हा निवड समितीत कोण कोण होतं आणि त्यात स्वतः अपंगत्व असलेलं कोणी होतं का ते विचारून छापा. आणि अर्ज उघडून अर्धवट सोडलेले किती जण होते तेही विचारा. बऱ्याच ऑनलाइन फॉर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा असतो, काढायला फार वेळ लागत नाही, आणि मी ऐकलेल्या एकाही वार्षिक अहवालात तो आलेला नाही.

आपली,
एक वाचक