खांदा २० टक्के, मग काम किती टक्के?

महोदय,

मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला की आपल्या अंकात बातमी येते, ‘दोघे जखमी, रुग्णालयात दाखल’. त्या जखमी माणसाचं पुढे काय होतं, ते कुणीतरी लिहायला हवं, म्हणून हे पत्र.

माझे पती आंबा काढायच्या कामाला जायचे. पावस-गोळपच्या बागांमध्ये त्यांचे वीस हंगाम झाले. मागच्या वर्षी मार्चमध्ये, ऐन हंगामात, हातखंब्याच्या अलीकडे एक ट्रक पुढच्या गाडीला मागे टाकताना यांच्या बाजूला आला. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. उजवा खांदा मात्र मोडला, आत प्लेट घालावी लागली.

आता हा हात खांद्याच्या वर जात नाही. जेवता येतं, शर्टाची बटणं लावता येतात. पण हापूस काढायचा तर डाव्या हाताने फांदी धरून उजव्या हाताने झेला, म्हणजे टोकाला जाळी लावलेली काठी, वर न्यावा लागतो, आणि फळ देठासकट उतरवावं लागतं. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि ते फळ पेटीतून बाजूला जातं. हे सगळं झाडावर उभं राहून करायचं असतं. यंदाच्या हंगामात हे झाडाखाली बसून फळं निवडत होते. वर चढणाऱ्याला आठशे रुपये रोज, खाली बसणाऱ्याला पाचशे, आणि तेही काम असेल तेव्हाच.

सरकारी रुग्णालयाने अपंगत्वाचा दाखला दिला तो २० टक्क्यांचा. डॉक्टरांचं काही चुकलं नाही, त्यांनी सांधा मोजला. पण ट्रकच्या विमा कंपनीचे वकील तोच आकडा धरून म्हणतात की कमाईसुद्धा २० टक्केच बुडाली. भरपाईचा हिशेब असा असतो: वर्षाची कमाई, तिच्यातला बुडालेला हिस्सा आणि वयाप्रमाणे ठरलेला गुणक. यांचं वय ४३, म्हणजे गुणक १४. त्यामुळे मधला आकडा २० धरला की ६०, याने आमच्या घराचं सगळं गणित बदलतं.

आमच्या वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं की सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे. माणूस कुठलं काम करत होता आणि त्यातलं आता काय जमतं, हे पाहायचं. हात गेला तर ड्रायव्हरचं किंवा सुताराचं जे होतं ते कारकुनाचं होत नाही, असं त्या निकालात उदाहरणच आहे. हे दावा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, कारण कोकणात निम्मी कामं खांद्याच्या जोरावर चालतात. माडावर चढणारा, जाळं ओढणारा, चिरे उचलणारा, यांच्यापैकी कुणाकडे पगाराची स्लिप असते?

आमच्याकडेही नव्हती. बागायतदारांच्या वहीत मात्र वीस वर्षांच्या नोंदी होत्या, तारीख, रोज आणि उचल. त्या पानांच्या प्रती आम्ही दाव्याला जोडल्या आहेत. हे सुचलं अपघातानंतर पाचव्या महिन्यात. त्याआधी वॉर्डात एक गृहस्थ छापील फॉर्म घेऊन आले होते, ‘इथे सही करा, पैसे लगेच मिळतील’ म्हणाले. मुलीने तो वाचला. पुढे काहीही मागणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. आम्ही सही केली नाही, पण घरात वाचणारं कुणी नसतं तर?

१ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये. त्याच दिवसापासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपास करणाऱ्या पोलिसांनी अपघातग्रस्ताला त्याचे हक्क सांगणारा नमुना दहा दिवसांत द्यायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत भरपाईचे दावे चालवणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. आम्हाला तो नमुना मिळाला नाही. त्या पोलीस ठाण्यात विचारलं तर ‘वकील करा’ एवढंच उत्तर मिळालं.

जिल्हा पोलिसांना माझी विनंती आहे की हा नमुना मराठीत छापून जखमीच्या नातेवाइकाच्या हातात द्यावा आणि तो दिल्याची सही घ्यावी. महामार्गालगतच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तो भिंतीवर लावावा. रोजाच्या नोंदी, औषधांची बिलं, रुग्णालयाला येण्याजाण्याचं भाडं, हे सगळं पहिल्या दिवसापासून जपा, एवढं जरी त्याच्या खाली लिहिलं तरी पुष्कळ होईल.

आमची पुढची तारीख जूनमध्ये आहे. बागायतदार वही घेऊन साक्षीला येणार आहेत.

सौ. सु. प., ता. रत्नागिरी