मग याकोब कुणाचा भाऊ?

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ‘येशू नावाचा माणूस कधी झालाच नाही, सगळं नंतर रचलेलं’ असं तू ठणकावून लिहिलंयस. तुझ्या नास्तिकपणाबद्दल माझी तक्रार नाही. मी तरी कुठे देवळात जातो? पण कुणाला देव मानावं की नाही हा एक प्रश्न, आणि तो माणूस होऊन गेला की नाही हा दुसरा. तू दोन्हींची सरमिसळ केली आहेस.

येशूच्या हयातीतला एकही कागद नाही, हे तुझं म्हणणं सोळा आणे खरं. पण गालील प्रांतातल्या खेडेगावच्या सुताराची नोंद ठेवणार कोण? त्याला क्रुसावर चढवणारा पिलात तर दहा वर्षं यहूदियाचा रोमन सुभेदार होता, तरी त्याचं नाव दगडावर सापडायला १९६१ साल उजाडलं. त्याच प्रांतातल्या कैसरिया शहराच्या जुन्या नाट्यगृहात इटालियन संशोधकांना जिन्यात बसवलेला चुनखडीचा दगड मिळाला. कडा झिजलेल्या, पण ‘...तिउस पिलातुस’ एवढं स्पष्ट वाचता येतं.

आता योसेफस. हा यहुदी इतिहासकार, ख्रिस्ती नव्हे. इ.स. ९३ च्या सुमाराचा त्याचा ग्रंथ. त्यात येशू दोनदा येतो. पहिल्या उल्लेखात ‘तो ख्रिस्त होता’, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार होता, असं वाक्य आहे. ते कुणा ख्रिस्ती नकलकाराने घुसडलंय, हे शेंबडं पोरही सांगेल. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन तर साफ लिहितो की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. या भेसळीवर तू तुटून पडलास, ठीक. पण त्याच ग्रंथाच्या विसाव्या भागातला दुसरा उल्लेख तू गाळलास, आणि खरी मेख तिथेच आहे.

इ.स. ६२. रोमन सुभेदार फेस्तुस वारला, नवा अजून वाटेत. ही संधी साधून महायाजक अनानसने सभा भरवली आणि काही जणांना दगडांनी मारायला लावलं. त्यात ‘ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ, याकोब नावाचा’ एक होता. बोभाटा झाला, अनानसची गादी तीन महिन्यांत गेली. योसेफसला सांगायचंय ते या अनानसचं; याकोब कोण हे कळावं एवढ्यापुरता येशू आला. आणि गंमत बघ, अनानसच्या जागी जो महायाजक झाला त्याचंही नाव येशूच, दाम्नेयसचा मुलगा! तेव्हा हे नाव पैशाला पासरी होतं, म्हणून कुठला येशू ते सांगणं भाग पडलं. इथे भक्ताने कलम चालवली असती तर ‘म्हणवल्या जाणाऱ्या’ असं थंडपणे लिहिलं असतं का?

त्याच याकोबाला आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल प्रत्यक्ष भेटला होता. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब तेवढा भेटला. हे पत्र योसेफसच्या ग्रंथाआधी चाळीसेक वर्षांचं. पौलाचं याकोबाच्या माणसांशी फारसं पटतही नव्हतं, तेव्हा त्याचा मान वाढवायला हे नातं रचायचं त्याला कारण नव्हतं.

रोमन इतिहासकार टॅसिटसचं मी फार धरत नाही. पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला असं तो लिहितो खरं, पण तोवर इ.स. ११६ आलं होतं, त्याने ते ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकलेलं असू शकतं.

शुभवर्तमानांना, म्हणजे मत्तय, लूक वगैरेंच्या नावावरच्या येशूच्या चरित्रांना, मी बखरींसारखं वाचतो. सभासदाची बखरही महाराजांनंतर लिहिली गेली. म्हणून आपण ती फेकून देत नाही आणि जशीच्या तशी गिळतही नाही. येशूच्या जन्मकथेवर मी दमडी लावणार नाही: मत्तय त्याला हेरोद राजाच्या काळात घालतो, आणि हेरोद इ.स.पू. ४ मध्ये मेला. लूक जन्म जोडतो रोमन सुभेदार क्विरिनियसच्या शिरगणतीशी, ती इ.स. ६ ची. पण योहान नावाच्या उपदेशकाकडून बाप्तिस्मा (पाप धुण्याचं स्नान) आणि क्रुसावरचं मरण या गोष्टी अनुयायांना अडचणीच्याच होत्या. आपल्या तारणहाराने दुसऱ्यापुढे पापक्षालनासाठी उभं राहावं, असं मुद्दाम कोण रचेल?

चमत्कारांचं म्हणशील तर तिथे मी तुझ्याच बाजूला आहे. पण याकोबाचं काय करायचं, ते उलटटपाली कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण